तेरा वर्षांनी पँडोरावर, तेही कन्नडमधून

वाचकांचे प्रश्न : सिनेमा

प्रश्न : सर नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला. 2009 च्या डिसेंबरात ‘अवतार’ हा पँडोरा नावाच्या दूरच्या जगातल्या निळ्या माणसांचा सिनेमा आला तेव्हा मी बेळगावात डिप्लोमाला होतो, रूममेट बैलहोंगलचा, कन्नड. दोघांनी इंग्लिशमधला बघितला, निम्मं कळलं नाही, मग रात्री रूमवर त्यानं मला कन्नडात आणि मी त्याला मराठीत गोष्ट सांगत बसलो. तेव्हापासून दुसऱ्या भागाची वाट बघूलालोय. 2014 ला येणार म्हणाले, आला नाही, मग तारीख पुढं पुढंच. शेवटी 2022 च्या डिसेंबरात ‘द वे ऑफ वॉटर’ हा दुसरा भाग लागला तर मित्र खास बैलहोंगलहून आला, आम्हाला जमणाऱ्या वेळेला कन्नडचाच शो होता, तो बघितला. नायक जेकचा मोठा मुलगा नेटेयाम जातो तिथं मी रडलो आणि बघतो तर शेजारी तोपण रडूलालाय. घरी भाऊ म्हणतो, काय गा, निळ्या माणसांसाठी कोण रडतंय, स्टोरी तर काहीच नाही, आणि मराठी माणसानं कन्नडात कशाला बघायचा? माझं चुकलं का? मधेमधे पिक्चर टीव्हीवर मॅच बघितल्यासारखा का दिसत होता? आणि तेरा वर्षं हे लोक नेमकं करत काय होते?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

तेरा वर्षांतला मोठा वेळ पाण्यात गेला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला समुद्राचं वेड जुनं, 2012 मधे तो एकटा पाणबुडीत बसून समुद्रातल्या सगळ्यात खोल मारियाना गर्तेच्या तळाला जाऊन आला, जवळपास 11 किलोमीटर खाली. असा माणूस कलाकारांना वायरला लटकवून पोहल्याचं नाटक करू देईल होय? त्यानं भलीमोठी टाकी उभी केली आणि कलाकार खरोखर पाण्याखाली गेले, तेही पाठीवर सिलिंडर न लावता, कारण बुडबुडे आले की हालचाल टिपणारे कॅमेरे गोंधळतात, हालचाल टिपायला कलाकाराच्या अंगावर लावलेला ठिपका कुठला आणि बुडबुडा कुठला त्यांना कळत नाही. वरच्या दिव्यांची चकाकी आत येऊ नये म्हणून पाण्यावर बारके पांढरे गोळे पसरून ठेवलेले. सगळ्यांनी श्वास धरायचा सराव केला, त्यातली नटी केट विन्स्लेट तर सात मिनिटांच्या वर राहिली. शूटिंग 2017 ला सुरू झालं, तिसऱ्या भागाचं कामही सोबतच, त्यात कोविड आला. पहिल्या भागाचा संगीतकार जेम्स हॉर्नर 2015 मधे विमान अपघातात गेला, मग त्याच्याबरोबर काम केलेल्या सायमन फ्रँगलेननं संगीत केलं आणि जुन्या सुरावटी जपल्या. तेरा वर्षांपूर्वीच्या त्या रूमचं वारं तुमच्या कानावर आलं असेल तर त्यात या सुरांचा वाटा आहे, असं मला वाटतं.

मॅचसारखं दिसण्याचं कारण साधं आहे. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो, आपल्या डोळ्याला त्याचीच सवय. या सिनेमाच्या खास प्रिंटमधे पाण्याचे आणि मारामारीचे प्रसंग 48 नं चालतात, आणि बोलण्याच्या प्रसंगात प्रत्येक चित्र दोनदा दाखवून जुना 24 चाच भास ठेवलाय. ही अदलाबदल डोळ्याला कळते. मला पाण्याखाली ते फार आवडलं, जमिनीवर खटकलं.

आता भाऊ. स्टोरी साधी आहे हे मान्य, पहिल्या भागातला तोच खलनायक कर्नल परत येतो, तोच पाठलाग, आणि जेकची दत्तक मुलगी किरी, तिचं कोडं तर पुढच्या भागासाठी ठेवूनच दिलंय. पण मधला तो तासभर घ्या की. जेकची जंगलातली पोरं समुद्रावर जातात, शेपटी बारीक, हात अरुंद, तिथली पोरं हसतात, आणि यांना श्वास घेण्यापासून सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. मी जांबोटीकडचा. वळवाच्या दिवसात झाडं काजव्यांनी भरतात तिथं, म्हणून पहिल्या भागातलं रात्री उजळणारं जंगल मला घरचंच वाटलं होतं. चौथीत वडिलांची बदली सौंदत्तीला झाली, वर्गात माझ्या कन्नडावर पोरं हसायची. आणि वर्षा-दीड वर्षानं कधीतरी असं झालं की समोरचा कन्नड बोलतोय हे लक्षातच येईना, नुसतं काय बोलतोय तेवढंच कानात जायला लागलं. सिनेमाच्या सुरुवातीलाच जेक, जो मूळचा आपल्यासारखा माणूस, हेच सांगतो बघा, तिथल्या निळ्या लोकांची नावी भाषा आता आपल्याला आपल्या भाषेसारखीच वाटते म्हणतो, आणि तिथून घरातली माणसं इंग्लिश बोलायला लागतात. थेटरात त्या जागेला मी सरळ होऊन बसलो.

म्हणून भावाला एवढं सांगा की ती माणसं मुळात नावी बोलतायत, पॉल फ्रॉमर नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं पहिल्या भागासाठी ती भाषा व्याकरणासकट बनवली. जेकच्या घरातलं इंग्लिशसुद्धा एका अर्थी अनुवादच, मग कन्नडमधे बघितला तर काय कमी झालं? भारतात तो इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा सहा भाषांत लागला, मराठीत नाही, आणि तो मराठीत यायला पाहिजे होता हे मी ठामपणे म्हणतो, आपण ते मागितलंच पाहिजे. पण त्याचा राग बैलहोंगलहून आलेल्या मित्राच्या शेजारी बसून काढायचा नसतो. तुम्ही दोघांनी 2009 ला एकमेकांना जी गोष्ट आपापल्या भाषेत सांगितली तिच्यातलंच घर वाढलं, पोरं झाली, आणि त्यातला मोठा डोळ्यांसमोर गेला. तिथं रडू नाही येणार तर कुठं येणार. काही चुकलं नाही तुमचं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे, तिला ‘द वे ऑफ वॉटर’ला नेऊ का? थ्रीडीत सगळं अंधारं दिसतं असं ऐकलंय. – एक आई, निपाणी

उत्तर : न्या, पण 3 तास 12 मिनिटांचा आहे, दुपारचा शो घ्या आणि मध्यंतरात खायला काहीतरी द्या. टुल्कुन म्हणजे देवमाशासारख्या प्राण्याची शिकार आहे, त्याच्या डोक्यातला रस काढतात, म्हातारपण थांबवणारा, त्याचं नाव चक्क अमृता ठेवलंय. तो प्रसंग लांब आणि क्रूर आहे, आधी सांगून ठेवा, त्या वेळेला हात धरा. अंधाराचं म्हणाल तर थ्रीडी चष्म्यानं उजेड कमी होतोच, त्यात चष्मा ओरखडलेला असला तर विचारायलाच नको. आत जायच्या आधी उजेडाला धरून बघा आणि खराब असला तर तिथंच बदलून मागा, देतात.