जुना थर दिसू दे

नागपूर, वैशाख

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आयुष्यात झालेला बदल कागदावर आणायचाय, पण हात सारखा फुलपाखराकडेच वळतो, असं तू लिहिलंस. फुलपाखरू डोक्यातून येतं, हातातून नाही. म्हणून ते परकं वाटतं. नव्यापासून सुरुवातच करू नकोस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा, काढतो. जे घालवायचं ते आधी घडवतो, रंगवतो, गावभर मिरवतो आणि मग जाळतो. तुझा पहिला थर म्हणजे ती मारबत. फक्त इथे तिला पूर्ण जाळायचं नाही.

३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, ए-३ कागद घे. चारही कडा मास्किंग टेपने पाटीवर चिकटव, नाहीतर ओला झाला की फुगतो. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दे, मध्ये तासभर वाळू दे. मग कोळशाची कांडी डाव्या हातात (डावखुरा हात असेल तर उजव्यात) धरून १० मिनिटं न थांबता लिही, रेघोट्या ओढ. सवयीच्या हाताला सुबक काढायची खोड असते, ती इथे आड येते. अक्षर लागलं नाही तरी चालेल, कुणाला वाचायचं नाहीये.

हा कोळसा पक्का केल्याशिवाय रंग लावू नकोस. गच्चीवर जाऊन फुटभर अंतरावरून फिक्सेटिव्हचे (कोळसा कागदाला धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन हलके फवारे मार. ही पायरी गाळलीस तर वरचा पिवळा कोळशात मिसळून शेवाळी होतो आणि मग चित्रच बिघडलं असं वाटायला लागतं.

आता ॲक्रिलिक रंग. तीनच घे: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). टायटॅनियम व्हाइट बाजूला ठेव. तो अपारदर्शक आहे, भिंतीला चुना फासावा तसं खालचं सगळं गायब करतो. बदल दाखवायचा तर आधी काय होतं ते झिरपत दिसायला हवं. त्यासाठी एक भाग रंगाला आठ-दहा भाग ग्लॉस मीडियम (ॲक्रिलिकमध्ये मिसळायचं पारदर्शक द्रव) घालून पातळ थर दे. रंग नुसत्या पाण्याने पातळ केलास, तर बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) कमी पडतो आणि पुढच्या हातासरशी रंग उचलून येतो. सिएना ओला असतानाच त्यावर अल्ट्रामरीन घातलास तर राखाडी चिखल होईल. आधीचा थर बोटाला थंड लागेनासा झाला की पुढचा.

आपल्या उन्हाळ्यात, त्यातून कूलरच्या वाऱ्यात, ॲक्रिलिक ताटलीतच वाळतं. ताटलीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेव. पावसाळ्यात उलट होतं: वर साय धरते, आत ओलं राहतं. तेव्हा घासायची घाई केलीस तर सोलपटं निघतात.

तीन-चार थर झाले की पूर्ण दिवसभर वाळू दे. मग नाकाला मास्क लावून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घास. कुठे घासायचं ते आधी ठरवू नकोस. जिथे जुनी काळी रेघ वर येईल तिथे थांब, तिच्याकडे थोडा वेळ बघ. ती ठेवायची की पुन्हा पिवळ्याखाली घ्यायची, हा चित्रातला सगळ्यात खरा निर्णय आहे आणि तो दुसरं कुणीच घेऊ शकत नाही.

त्या १० मिनिटांत फार जड काही वर आलं, तर कोळसा खाली ठेव आणि घरातल्या कुणाजवळ तरी जाऊन बस. कागद उद्याही असेल.

पहिल्या थराचा फोटो काढायला विसरू नकोस, नंतर तो मिळत नाही.

तुझी,
काकू