सुरुवातीच्या संस्कृतींना 'संस्कृती' म्हणायला नेमकं काय काय लागते?
शहर, लिपी, राजा, मंदिर हे पुस्तकात असतेच, पण माह्या मते आधी पायजे शिल्लक धान्य. आमच्याकडं ज्वारी कणगीत पडली की वर्षाची काळजी मिटते ना, तसंच, खाऊन उरलं तेव्हाच काही लोक वावर सोडून कुंभार, पुजारी, शिपाई झाले. मग उरलेल्याचा हिशोब कोण ठेवणार? इराकातल्या उरुकमधे इ.स.पू. ३२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यात बहुतेक जव, मेंढ्या असंच मोजमाप आहे, म्हणजे तिथं लिहिणं सुरूच झालं हिशोबासाठी, मला हे लय भारी वाटते. मोहेंजोदारोत तर साडेचार हजार वर्षांपूर्वी झाकलेल्या नाल्या! पण सगळीकडं सगळंच नसते, पार नंतरच्या, दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांचं एवढं मोठं राज्य, तरी लिपी नव्हती, दोरीच्या गाठींवर हिशोब चालायचा.