घरच्या घरी अभंग मास्टर करायला स्वस्तातला लिमिटर कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की पखवाज, टाळ, पेटी आणि गळा असे अभंग घरीच रेकॉर्ड करता, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरता, बजेट तीनेक हजारांचं आहे. तर फुकटचा लिमिटर (ठरवलेल्या उंचीपलीकडे जाणारा आवाज दाबणारं सॉफ्टवेअर) चालेल, की पैसे साठवून फॅबफिल्टर कंपनीचा प्रो-एल 2 च घ्यावा?

तूर्त तीन हजार खिशातच राहू द्या. मीही घरीच अभंग आणि भावगीतं मास्टर करतो, म्हणजे तयार रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवतो. माझ्या मते अभंगात लिमिटरचं काम अगदी शेवटचं आणि थोडं असतं. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी त्याने दोन-तीन डेसिबल कापले, की झालं. एवढ्या कामात महागडा आणि फुकटचा यांच्यातला फरक डोळे मिटून ऐकल्यावर फारसा कळत नाही. सहा-आठ डेसिबल दाबायचे असतील तर कळतो. पण तेवढं दाबायची वेळ आली तर मिक्स (वाद्यं आणि गळा यांच्या आवाजांची जुळणी) उघडून बघायला हवं.

लाउडमॅक्स उतरवून घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. दिसायला अगदी साधा, मुख्य स्लायडर दोनच: थ्रेशोल्ड (किती उंचीपासून दाबायचं) आणि आउटपुट (शेवटी जास्तीत जास्त किती उंच जाऊ द्यायचं). त्यात आयएसपी (इंटर-सॅम्पल पीक, म्हणजे नमुन्यांच्या मधली टोकं) नावाचं बटण आहे, ते चालू ठेवा. डिजिटल फाइलमध्ये आवाजाचे ठरावीक अंतरावरचे नमुने असतात; परत आवाज तयार होताना लाट दोन नमुन्यांच्या मधे त्यांच्याहूनही उंच जाऊ शकते. साध्या पीक मीटरला ती दिसत नाही. गाणं एमपी3 किंवा एएसीमध्ये बदललं की हा प्रकार वाढतो. म्हणून आउटपुट शून्यावर न ठेवता −1 डेसिबलवर ठेवायचं. सोबत यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती घ्या आणि ती लिमिटरच्या नंतर, साखळीत सगळ्यात शेवटी लावा.

आता टाळ. तुमची खरी अडचण तिथेच असणार. टाळेचा ठोका मीटरवर भयंकर उंच जातो, पण इतका क्षणिक असतो की कानाला त्या मानाने मोठा वाटत नाही. लिमिटरला कानाचं काही माहीत नसतं, तो उंची बघतो. मग प्रत्येक टाळेसरशी अख्खं गाणं क्षणभर खाली ओढलं जातं आणि गायकाचा आवाज बुडाल्यासारखा होतो. यावर महागडा लिमिटर हा उपाय नाही. टाळेच्या ट्रॅकवरच एक क्लिपर, म्हणजे ठरावीक उंचीवरची टोकं सरळ छाटणारं सॉफ्टवेअर, लावा (वेन ऑडिओचा फ्री क्लिप फुकट आहे), ओव्हरसॅम्पलिंग (छाटणीने येणारी कर्कशता कमी करणारी सोय) चालू करा आणि फक्त टोकं छाटली जातील इतपत ठेवा. टाळेचा आवाज मुळातच इतका खणखणीत असतो की एवढी छाटणी त्यात खपून जाते. झांजेचं आणि चिपळ्यांचंही तेच. मास्टरवरचा लिमिटर मग एकदम शांत होतो.

दुसरी गोष्ट गजराची. अभंग संथ सुरू होतो आणि शेवटी गजरात सगळे मिळून तुटून पडतात. सुरुवातीचं आलाप-मुखडा ऐकून थ्रेशोल्ड लावलात तर गजरात लिमिटर घुसमटतो. आधी गजर वाजवून सेटिंग करा. तरीही फार कापलं जात असेल तर लिमिटरच्या आधी व्हॉल्यूम ऑटोमेशनने (गाण्याच्या त्या भागापुरता आवाज स्वतः आखून कमी-जास्त करून) गजर एक-दीड डेसिबल खाली घ्या. हाताने केलेलं हे काम ऐकू येत नाही, लिमिटरने केलेलं येतं.

पखवाजासाठी रिलीजकडे, म्हणजे दाबलेला आवाज पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळाकडे, लक्ष हवं. लाउडमॅक्समध्ये तो हाताने बदलता येत नाही, पण रीपरच्या नव्या आवृत्त्यांबरोबर येणाऱ्या रियालिमिट या लिमिटरमध्ये येतो. कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा समजा 60 हर्ट्झच्या आसपास असेल, तर त्याचं एक आवर्तन साधारण 17 मिलिसेकंदांचं होतं. रिलीज त्याहून कमी ठेवलात तर लिमिटर एकाच लाटेच्या आत वरखाली करू लागतो आणि घुमाऱ्याला खरखर येते. शंभर मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि ऐकत ऐकत कमी करा.

किती मोठं करायचं? स्पॉटिफाय गाणी −14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप, यूलीन तेच दाखवतो) आसपास आणून वाजवतं. तुम्ही −8 वर नेलंत तर ते सहा डेसिबल खाली घेतं, म्हणजे दाबून हाती काहीच लागत नाही. यूट्यूबही मोठं गाणं खाली आणतं, लहान मात्र वर नेत नाही. पण −14 हा आकडा धरून बसायचीही गरज नाही. तुमचे अभंग पेन ड्राइव्हवरून मंडपातल्या स्पीकरवर वाजणार, गाडीत वाजणार. तिथे कोणी सगळ्या गाण्यांचा आवाज समान करून देत नाही. मी −11 ते −12 च्या दरम्यान थांबतो.

एवढं सगळं करून हात बसल्यावरही पैसे खर्चायची इच्छा असेल, तर टोकियो डॉन लॅब्जचा लिमिटर 6 जीई बघा. त्यात क्लिपर, फक्त वरच्या पट्टीतला आवाज आवरणारा लिमिटर, पीक लिमिटर असे वेगवेगळे भाग आहेत. तो वरच्या पट्टीचा भाग टाळेवाल्या गाण्यांना फार उपयोगी, विशेषतः सगळे एकाच माइकवर रेकॉर्ड केले असतील आणि टाळेचा वेगळा ट्रॅकच नसेल तेव्हा. वेव्ह्ज कंपनीचे एल1, एल2 हे लिमिटर जवळजवळ कायम सवलतीत दिसतात, त्यामुळे ‘आज शेवटचा दिवस’ वाचून घाई करू नका. वेव्ह्जने 2023 च्या मार्चमध्ये एकदम वर्गणीच सुरू केली होती, लोक खवळल्यावर काही दिवसांत कायमची खरेदी परत आणली. खरेदी परदेशी चलनात असते, तेव्हा बँकेचं शुल्क आणि कर धरूनच तीन हजारांचा हिशेब करा. क्रॅकच्या (चोरीच्या आवृत्तीच्या) वाटेला मात्र जाऊ नका. फुकटात इतकं चांगलं मिळत असताना संगणकात व्हायरस कशाला?

प्रो-एल 2 विकत घेऊ नका, पण त्याची 30 दिवसांची चाचणी आवृत्ती जरूर उतरवा. लिमिटरने नेमकं काय कापलं तेवढंच ऐकवणारी सोय त्यात आहे. तुमचा गजर त्यातून ऐका: नुसती टिकटिक ऐकू आली तर ठीक, शब्द ओळखू येऊ लागले तर फार दाबलंय. आणि लाउडमॅक्सशी तुलना करताना दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करून घ्या, कारण अर्धा डेसिबल मोठा असलेला कानाला उगाचच चांगला वाटतो.