मुलगा सज्ञान आहे, आजारी आहे आणि औषध घेत नाही : कायदा काय करू देतो?

प्रश्न : माझा मुलगा ३१ वर्षांचा. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. दिवाळीपासून गोळ्या बंद आहेत. खिडक्यांना वर्तमानपत्रे चिकटवून खोलीत बसतो, शेजारी आपले विचार ऐकतात म्हणतो. घरच्या जेवणात विष असल्याचा संशय, त्यामुळे फक्त बंद पुड्यातली बिस्किटे खातो. खूप वाळला आहे. गेल्या महिन्यात त्याने यजमानांना ढकलले, मनगट मोडले. दवाखान्यात आम्ही ‘बाथरूममध्ये घसरले’ असे सांगितले. डॉक्टर म्हणतात पेशंटला आणा, पोलीस म्हणतात घरगुती मामला आहे. एक वकील कोर्टातून ऑर्डर काढू म्हणतात. एका केंद्राची माणसे रात्री येऊन त्याला घेऊन जायला तयार आहेत. बहीण म्हणते चहातून औषध दे. सोसायटीचीही नोटीस आली आहे. काय करू? (एक आई, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : ताई, आधी त्या ऑर्डरचे बघू. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि रुग्णाला दाखल करून घेण्याचा आदेश मिळवायचा, ही वाट १९८७ च्या कायद्यात होती. २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ लागू झाला आणि ती वाट बंद झाली. आमच्या काही व्यवसायबंधूंच्या तोंडी जुनी भाषा अजून आहे, एवढेच. आता दाखल करण्याचा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी (बहुधा कुटुंबातलीच व्यक्ती) मिळून घेतात आणि त्यावर पुनर्विलोकन मंडळ, म्हणजे अशा निर्णयांची फेरतपासणी करणारे याच कायद्याखालचे मंडळ, लक्ष ठेवते.

तुमच्या कामाचे कलम ८९ वे. मुलगा आजारी आहे की नाही, एवढ्यावर हे कलम थांबत नाही. आजारामुळे तो अलीकडे काय वागला, हे ते विचारते. त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला का. तो दुसऱ्याशी हिंसक वागला का, किंवा त्याच्यामुळे कुणाला इजेची भीती वाटते का. किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके जमेनासे झाले आहे का, की त्यातूनच त्याला धोका आहे. तिन्हींपैकी एक पुरते. तुमच्याकडे दुसरे आहे, ते मनगट. आणि तिसरेही आहे, ते जेवण. खिडक्यांवरची वर्तमानपत्रे आणि शेजाऱ्यांचा संशय ही आजाराची लक्षणे झाली, पण तेवढ्यावर कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध दाखल करता येत नाही. पालक डॉक्टरांसमोर तासभर नेमके याच गोष्टी सांगत बसतात आणि जेवणाचा विषय राहून जातो.

याखेरीज दोन अटी आहेत. एक, उपचाराचा निर्णय स्वतः घेण्याची क्षमता त्याच्यात सध्या नसावी आणि त्याला प्रतिनिधीच्या फार मोठ्या आधाराची गरज असावी. दिलेली माहिती समजते का, निर्णय घेतला किंवा न घेतला तर काय होईल हे उमगते का, आपला निर्णय सांगता येतो का, हे डॉक्टर तपासतात. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असे धरता येत नाही, हे कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. ‘गोळ्यांनी वजन वाढते, म्हणून नको’ म्हणणारा मुलगा आणि ‘गोळीत यंत्र आहे’ म्हणणारा मुलगा यांच्यात कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. तुमचा मुलगा नक्की काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. दुसरी अट अशी की दाखल करण्यापेक्षा कमी बंधनाचा उपाय शिल्लक नसावा. म्हणून घरी समजावले, डॉक्टरांना घरी बोलावून पाहिले, ओळखीच्या माणसाला मध्ये घातले, हे सारे तारखेसह दाखवता आले पाहिजे.

तपासणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा साधा नोंदणीकृत डॉक्टरही चालतो. तपासणी दाखल होण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली असावी. म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी सोमवारी घरी येऊन त्याला पाहिले आणि शनिवारी तो रुग्णालयात पोहोचला, तर त्यांची तपासणी धरता येते. दहा दिवस गेले, की ती बाद. आणि त्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलेले असले पाहिजे. आईने सांगितले म्हणून दिलेल्या दाखल्याला इथे किंमत नाही.

अर्ज करायचा तो नामनिर्देशित प्रतिनिधीने. मुलाने लेखी कुणाला नेमले नसेल, तर त्याच्या आगाऊ निर्देशात (पुढे आजार बळावला तर कसे उपचार हवेत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) नाव असलेली व्यक्ती, तोही नसेल तर नातेवाईक, असा क्रम कलम १४ मध्ये दिला आहे. म्हणजे तुम्ही दोघेही बसता. तरी एकच नाव ठरवा आणि प्रतिनिधी व्हायला तयार असल्याची लेखी संमती डॉक्टरांना द्या. माझ्या मते ते नाव तुमचे असावे. ज्याला ढकलले त्याच्याच सहीने दाखल झालो, हे मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहते. प्रतिनिधी म्हणजे कायदेशीर पालक (गार्डियन) नव्हे, हेही ध्यानात असू द्या. त्याचे बँक खाते किंवा मालमत्ता यांवर या नात्याने तुम्हाला कोणताही अधिकार येत नाही.

आता मनगटाचे. ‘घसरून पडले’ असे केसपेपरवर आले आहे, आणि तुमच्याकडचा हिंसेचा एकमेव कागद तोच. तो बदलून घ्यायच्या फंदात पडू नका. वैद्यकीय कागदात खाडाखोड झाली की बाकीच्या कागदांवरही संशय येतो. यजमानांनी साध्या कागदावर आजच्या तारखेने निवेदन लिहावे : अमुक दिवशी, अमुक वेळी काय झाले, दवाखान्यात वेगळे का सांगितले, आणि सही. एक्स-रे आणि केसपेपरची प्रत त्याला जोडा. मनोविकारतज्ज्ञाला भेटाल तेव्हा हे तोंडी नव्हे, कागदावर द्या. ‘अलीकडे’ म्हणजे किती दिवस हे कलमात मोजून दिलेले नाही, पण महिन्यापूर्वीच्या घटनेचे वजन दर आठवड्याला घटते.

आजपासून एक वही घाला. तारीख, वेळ, काय पाहिले, काय ऐकले, एवढेच. ‘१२ तारीख, रात्री ९. ताट दाराशी ठेवले. उघडून वास घेतला, “यात घातलंय” म्हणाला, ताट परत. दिवसभरात बिस्किटांचा एक पुडा, नळाचे पाणी.’ ‘१४ तारीख. पँटला कमरेला सुतळी बांधली आहे.’ अशी पंधरा दिवसांची वही ‘फार त्रास देतो हो’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त काम करते. मुलाला वाचवायला सौम्य लिहू नका, काम लवकर व्हावे म्हणून तिखटही लावू नका. कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क आहे. बरा झाल्यावर तो हे वाचेल असे धरून लिहा.

‘पेशंटला आणा’ म्हणणारे डॉक्टर गोपनीयतेमुळे तुम्हाला फारसे काही सांगणार नाहीत, पण तुमचे ऐकून घ्यायला त्यांना कायद्याची आडकाठी नाही. वहीची प्रत त्यांच्याकडे लेखी पत्रासह द्या आणि पोच घ्या. आधी त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा आणि त्यांचे रुग्णालय या कायद्याखाली नोंदलेले आहे याची खात्री करा. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, खासगी नोंदणीकृत रुग्णालयेही आहेत.

खरी अडचण घर ते रुग्णालय या अंतराची. इथे पोलिसांचे काम येते आणि इथेच ‘घरगुती मामला’ हे उत्तर मिळते. ते चुकीचे आहे. कलम १०० मध्ये पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर दोन कर्तव्ये टाकली आहेत. पहिले, रस्त्यावर भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाचे. दुसरे, ठाण्याच्या हद्दीतल्या अशा कुठल्याही व्यक्तीचे, जिच्या मानसिक आजारामुळे तिला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असे मानायला कारण आहे. दुसऱ्यात रस्त्याची अट नाही, घरातला माणूसही त्यात बसतो. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहा, कलम घाला, डॉक्टरांचे पत्र, यजमानांचे निवेदन आणि वहीची चार पाने जोडा, आवक विभागाचा शिक्का असलेली पोच घ्या. ‘गुन्हा नोंदवा’ असे लिहू नका. ‘संरक्षणात घेऊन तपासणीसाठी न्यावे’ असे लिहा. मुलाला जवळच्या सार्वजनिक आरोग्य आस्थापनेत लवकरात लवकर, फार तर २४ तासांत पोहोचवणे त्यांना बंधनकारक आहे आणि लॉकअपमध्ये ठेवायला मनाई आहे. साध्या वेशातले कर्मचारी पाठवा, हातकड्या नकोत, हेही अर्जात विनंती म्हणून घाला. शक्यतो सकाळची वेळ मागा. रात्री रुग्णालयात दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत सगळेच ताटकळतात.

पोलीस हललेच नाहीत तर कलम १०२ आहे. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी सार्वजनिक मानसिक आरोग्य आस्थापनेत पाठवण्याचा किंवा जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. मात्र व्यक्ती त्यांच्यासमोर यावी लागते, त्यामुळे पुन्हा पोलिसांशी गाठ पडतेच. तरीही अर्ज दाखल झाला की ठाण्याची भाषा बदलते, हा त्याचा उपयोग.

आणि एखाद्या रात्री जिवावर बेतलेच तर वही, अर्ज काही शोधत बसू नका, ११२ लावा. अशा वेळी कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी घरी येऊनही, तातडीचे उपचार देऊ शकतो आणि रुग्णालयात हलवणेही त्यात येते. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ही मुभा ७२ तासांची, किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत तपासणी होईपर्यंतची, यांपैकी जे आधी होईल तितकीच. विजेचे झटके या तातडीच्या उपचारात देता येत नाहीत.

रात्री येऊन नेणाऱ्यांना घरात पाऊल ठेवू देऊ नका. केंद्र नोंदणीकृत असेल तर प्रमाणपत्र दाखवेल. नसेल तर दंड त्यांना आहेच; पण डॉक्टरांच्या तपासणीशिवाय सज्ञान माणसाला उचलून कोंडले, तर तो बेकायदा बंदिवासाचा गुन्हा ठरू शकतो आणि पैसे भरून बोलावणारे तुम्हीही त्यात ओढले जाल. घरात बाहेरून कडी घालणेही बंद करा, घालत असाल तर.

चहातल्या औषधाबद्दल तर हात जोडून सांगतो, नको. ज्याची क्षमता तपासलेलीच नाही त्याला नकळत औषध देणे संमतीच्या तत्त्वाला छेद देते, हा कायद्याचा भाग. तुमच्या घरातला भाग त्याहून गंभीर आहे. जेवणात काहीतरी घालतात, हाच त्याचा संशय. एकदा जरी त्याला कळले, तर तो संशय खरा ठरतो, आणि आज जो बिस्किटे तरी खातो तो उद्या पाणीही नाकारेल.

दाखल झाला की मुदत ३० दिवस. रुग्णालयाने सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे असते आणि त्याची क्षमता दर सात दिवसांनी तपासायची असते. क्षमता परत आली आणि तो ‘जातो’ म्हणाला, तर ३० दिवस भरायची वाट पाहत नाहीत. तो मंडळाकडे दाद मागू शकतो, निकाल सात दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याने तसे केले तर ते तुमच्याविरुद्धचे युद्ध समजू नका. त्या सुनावणीत त्याचा आणि तुमचा वकील एकच असू नये, कुणी तसे सुचवले तरी. ३० दिवसांपुढे ठेवायचे तर दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. ती आधी ९०, मग १२० आणि पुढे १८० दिवसांपर्यंत मिळू शकते.

डिस्चार्जनंतर घरी राहणाऱ्या माणसाला औषध घ्यायला भाग पाडणारी तरतूद आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वीचे दिवस वाया घालवू नका. रुग्णालयाने डिस्चार्जचे नियोजन प्रतिनिधीशी बोलून करायचे असते. तेव्हाच दर महिन्याच्या इंजेक्शनचा पर्याय मुलासमोर ठेवायला डॉक्टरांना सांगा. आणि तो ठीक असताना, त्याच्या इच्छेने, आगाऊ निर्देश लिहून घ्या : कोणते औषध चालेल, कोणते नको, कोणते रुग्णालय, प्रतिनिधी कोण, आपल्या वागण्यात काय दिसले की डॉक्टरांना कळवावे. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. पुढच्या वेळी क्षमता गेली की हाच कागद लागू होतो. त्याने प्रतिनिधी म्हणून तुमच्याऐवजी मित्राचे किंवा मावशीचे नाव घातले तर घालू द्या.

सोसायटीला दोन ओळींचे उत्तर पुरे : वैद्यकीय प्रक्रिया सुरू आहे, काही घटना घडल्यास आम्हाला लेखी कळवावे. आजाराचे नाव लिहू नका. त्यांच्या नोटिशीत आरडाओरडा किंवा धमकावल्याची तारीख असेल तर मात्र ती नोटीस जपून ठेवा, कलम ८९ च्या कामाला येईल.

मालमत्ता आणि पालकत्वाचा विषय आत्ता काढू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयातून मर्यादित पालकत्व मिळू शकते, पण विशिष्ट निर्णयांपुरते, आणि पुरेसा आधार देऊनही त्याला ते घेता येत नाहीत हे दाखवल्यावर. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलाला घराबाहेर काढा, असाही सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो आदेश मिळालाच तर मुलगा रस्त्यावर येईल आणि तुम्ही कलम १०० चा पहिला भाग वाचायला लागाल.

अर्ज आणि निवेदन लिहायला खासगी वकील परवडत नसेल, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मंडळाकडच्या अर्जाला शुल्क नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात, मुलगा फोनवर यायला तयार नसला तरी चालते. मुलाच्या नावे आरोग्य विमा असेल तर पॉलिसी आत्ताच काढून पाहा. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे संरक्षण देणे कंपन्यांना याच कायद्याने भाग आहे, पण दाखल झाल्याचे कळवण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते आणि या धावपळीत ती चुकते.