वाचकांचे प्रश्न : भाज्यांचा रस प्यावा की भाजी खावी?

भाज्यांचे रस आणि स्मूदी यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न (सातारा) : ताई, सकाळी फिरायला जाते त्या बागेबाहेर दुधीचा रस मिळतो. तो स्वच्छ नसेल म्हणून मी घरीच करू लागले. परवा रस कडू लागला. यजमान म्हणाले, ‘कडू आहे म्हणजे गुणकारी आहे, नाक धरून पिऊन टाक.’ मी तो ओतून दिला. माझे चुकले का?

उत्तर : आपण योग्य तेच केले, आणि हे उत्तर यजमानांना अवश्य वाचायला द्यावे. दुधी, काकडी, दोडका, पडवळ ही सारी एकाच कुळातली फळे असून, किडी आणि जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून या कुळातल्या वनस्पती कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये तयार करतात. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड वाणच निवडत आणल्यामुळे बाजारातल्या दुधीत त्यांचे प्रमाण नगण्य असते. मात्र कडू वाणाशी संकर झालेले बियाणे पेरले गेले, किंवा वेलाला पाण्याचा ताण अथवा अति उष्णता सोसावी लागली, तर ते पुन्हा वाढू शकते. असा दुधी दिसायला इतर दुधींसारखाच कोवळा आणि तुकतुकीत असतो. तो ओळखण्याचे घरगुती साधन म्हणजे आपली जीभ.

असा रस पोटात गेला तर काही मिनिटांत किंवा काही तासांत पोटात कळा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात, उलटीतून रक्त पडू शकते आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतो. यावर नेमका उतारा उपलब्ध नाही; रुग्णालयात शिरेतून द्रव देणे आणि लक्षणांनुसार उपचार करणे एवढेच हाती असते, म्हणून घरी लिंबूपाणी देत वाट पाहण्यात वेळ घालवू नये. २०१० साली दिल्लीत दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीचा सल्ला थोडक्यात असा : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो दुधी पूर्णपणे टाकून द्यावा, दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये, आणि रस घेतल्यावर अस्वस्थ वाटल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे.

दुसरा रस का मिसळू नये, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. भाजीत दुधी कडू निघाला तर पहिल्याच घासाला कळते आणि ताट बाजूला सारले जाते. रसात मात्र आपण आवळा, पुदिना, लिंबू आणि काळे मीठ घालतो, तो औषध म्हणून घटाघटा पितो, आणि कडवटपणा जाणवला तरी तो कारल्याचा असेल अशी समजूत करून घेतो. कारले जातीचेच कडू असते आणि ते आपण कडू म्हणूनच खातो. दुधीचा कडूपणा हा बिघाड आहे. तो शिजवूनही भरवशाने जात नाही. २०१५ साली जर्मनीत खासगी बागेतल्या, याच कुळातल्या, कडू झुकिनीचा शिजवलेला पदार्थ खाल्ल्यानंतर एका वृद्ध गृहस्थाचा मृत्यू झाल्याच्या बातम्या होत्या. काकडीचे टोक कापून चाखून पाहण्याची आपल्या स्वयंपाकघरातली सवय दुधीलाही लावावी, एवढेच माझे सांगणे आहे.

प्रश्न (ठाणे) : रसासाठी महागडे कोल्ड प्रेस (भाजी हळूहळू दाबून रस काढणारे) यंत्र घ्यावे, असा मुलाचा आग्रह आहे. मिक्सरच्या उष्णतेने जीवनसत्त्वे मरतात, असे तो म्हणतो. खरे आहे का?

उत्तर : मिक्सर मिनिटभर फिरवल्याने भाजी जेमतेम कोमट होते; त्या उष्णतेने फारसे काही बिघडत नाही. भाजी बारीक झाल्यावर तिचा हवेशी संपर्क वाढतो आणि त्यामुळे ‘क’ जीवनसत्त्व कमी होऊ लागते हे खरे, परंतु त्यावर केल्याबरोबर पिणे हा फुकटचा उपाय आहे. माझा आक्षेप गाळण्यावर आहे. रस काढणारे कोणतेही यंत्र चोथा वेगळा करते, आणि भाजीतला बहुतेक तंतुमय भाग त्या चोथ्यात राहतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दररोज दोन हजार कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत. पांढरा भात आणि मैद्याचे पदार्थ रोज खाणाऱ्या घरांत तेवढे जमत नाहीत. तेव्हा पैसे खर्चून तंतू वेगळे काढायचे आणि ते केराच्या टोपलीत टाकायचे, हा व्यवहार मला पटत नाही. यंत्र घेतलेच, तर चोथा थालीपिठाच्या भाजणीत किंवा पराठ्याच्या कणकेत मळावा.

साध्या मिक्सरमध्ये काकडी, कोथिंबीर, आल्याचा तुकडा, जिरेपूड आणि ताक फिरवून न गाळता घेतले, तर त्याला स्मूदी म्हणा किंवा आणखी काही, ते उत्तम पेय आहे. गाजर आणि टोमॅटो यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्यातली कॅरोटिन आणि लायकोपिन ही रंगद्रव्ये शिजवल्यावर आणि थोड्या तेला-तुपासोबत शरीरात अधिक चांगली शोषली जातात, त्यामुळे तुपाची फोडणी दिलेले टोमॅटोचे सार कच्च्या रसापेक्षा या बाबतीत सरसच ठरते.

कच्चे घेताना पालेभाजी पान-पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावी. सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीला जंतांची अंडी चिकटलेली असू शकतात आणि मिक्सर त्यांचे काही बिघडवील या भरवशावर राहू नये.

प्रश्न (नाशिक) : यजमानांना मधुमेह आहे. वजन कमी व्हावे म्हणून मी त्यांना रोज सकाळी गाजर, बीट आणि सफरचंद यांचा मोठा पेलाभर रस देते. तरी साखर वाढलेलीच असते. भाज्यांनी साखर कशी वाढेल?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे; गडबड प्रमाणात आणि रूपात आहे. एका मोठ्या पेल्यासाठी सुमारे अर्धा किलो गाजर, बीट आणि सफरचंदे लागतात. तेवढी कोशिंबीर त्यांच्यापुढे ठेवली असती तर अर्ध्यातच त्यांनी हात आखडता घेतला असता. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याविषयीचा एक साधा, पण बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला होता. निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिले गेले : अखंड, कुस्करून आणि रस काढून. रस अखंड फळाच्या अकरा पट वेगाने संपला, त्याने पोट सर्वांत कमी भरल्यासारखे वाटले, आणि नंतर रक्तातली इन्सुलिनची पातळी अखंड फळापेक्षा अधिक चढली. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातल्या साखरेची गणना अखंड फळातल्या साखरेबरोबर करत नाही, तर वरून घातलेल्या साखरेबरोबर करते, त्यामागचे कारणही हेच आहे.

म्हणून सफरचंद रसातून काढून टाकावे आणि हवे असल्यास अर्धे, चावून खायला द्यावे. गाजर आणि बीट कोशिंबिरीत दही व दाण्याच्या कुटाबरोबर द्यावेत. बिटातल्या नायट्रेटमुळे रक्तदाब थोडा उतरतो असे अभ्यासांत दिसले आहे, पण तो औषधांना पर्याय नव्हे. बीट खाल्ल्यावर काही जणांना लघवी लालसर होते. बीट थांबवल्यावरही लाली राहिली तरच तपासणी करावी. आणखी एक : कुणाच्या सांगण्यावरून कारल्याचा रस सुरू करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण साखर कमी करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीने तो साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतो.

प्रश्न (अकोला) : मला मूतखड्याचा त्रास होऊन गेला आहे. रक्त वाढावे म्हणून रोज कच्च्या पालकाची स्मूदी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. मूतखड्यांमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सर्वाधिक आढळतात आणि पालकात ऑक्झलेट भरपूर असते. भाजीच्या वाटीतून जेवढा पालक पोटात जातो त्याच्या कितीतरी पट पेल्यातून जातो, आणि तोही रोज. अशा हिरव्या रसांच्या अतिरेकाने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. पालकातले लोहही शरीराला सहजासहजी मिळत नाही. तेव्हा रक्त कमी असल्यास आधी त्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे.

पालक आवडत असेल तर तो उकळत्या पाण्यात शिजवून ते पाणी ओतून द्यावे, कारण ऑक्झलेटचा बराच भाग पाण्यात उतरतो, आणि मग त्याची ताकातली पातळ भाजी करावी. ताकातले कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते, त्यामुळे ते रक्तात कमी जाते. ज्या कोणी हा पदार्थ प्रथम केला त्याला रसायनशास्त्र ठाऊक नसणार, पण जोडी अचूक जमली आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे आपल्यासाठी कोणत्याही रसापेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : वडील रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेतात. त्यांना हिरव्या पालेभाज्यांचा रस चालेल?

उत्तर : एकाएकी सुरू करू नये आणि एकाएकी बंदही करू नये. पालेभाज्यांतले ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते, आणि औषधाची मात्रा त्यांच्या नेहमीच्या आहाराला जुळवून ठरवलेली असते. पालेभाजी रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावी; बदल करायचा असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न (बेळगाव) : सासूबाईंचे वय ८२ आहे. दात नाहीत, कवळी सोसत नाही. त्यांना भाज्या कशा द्याव्यात?

उत्तर : ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी मिक्सर खरोखरच वरदान आहे. दुधी, लाल भोपळा, गाजर यांपैकी एखादी भाजी मूठभर मुगाच्या डाळीबरोबर कुकरमध्ये मऊ शिजवून, न गाळता वाटावी, आणि वर चमचाभर तूप व जिरेपूड घालावी. डाळीमुळे प्रथिने मिळतात आणि पेय दाटसर राहते. पातळ पेयाने त्यांना वरचेवर ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असल्यास भाज्यांतले पोटॅशियम किती चालेल हे डॉक्टरांना विचारून मगच भाजी निवडावी. एका वेळचेच करावे. उरले तर झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी, पुन्हा उकळी आणून, संपवावे. आणि सासूबाईंना आंबट चालत असेल तर उतरवल्यावर आमसुलाचा तुकडा घालावा, म्हणजे रोजची तीच चव नको म्हणून वाटी परत येणार नाही.