गाडी पळते, मग घाम कुणाला येतो?

गेल्या महिन्यात मानदुखीवर लिहिताना ‘माझ्याकडे येणारा एक खेळाडू, रेसिंग ड्रायव्हर आहे तो’ असं मी ओघात लिहून गेले. मानेबद्दल विचारणारी दोन पत्रं आली आणि ‘खेळाडू’ या एका शब्दावर आक्षेप घेणारी ढीगभर. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे कुस्तीचे गुडघे येतात, क्रिकेटचे खांदे येतात आणि अधूनमधून रेसिंगच्या माना आणि मनगटंही येतात. त्यामुळे हा वाद टाळून मला चालणार नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

मी तीस वर्षं कबड्डी शिकवतो. आमची पोरं मातीत घासून घेतात तेव्हा कुठे खेळाडू होतात. सीटवर बसून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला तुम्ही त्यांच्या पंगतीला बसवता? पळते ती गाडी. (एक वाचक, सांगली)

सर, राग समजला. पण पंगत आपण आधीच बरीच लांब मांडून ठेवली आहे. शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा ‘उडते ती गोळी, हा नुसता नेम धरतो’ असं तुमच्याकडे कुणी म्हटलं नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तिलाही आपण खेळाडूच म्हणतो. आपला ‘खेळाडू’ हा शब्द मोठ्या मनाचा आहे, त्यात कॅरमसुद्धा बसतो. ‘ॲथलीट’ म्हटलं की मात्र आपल्या डोळ्यांसमोर धावणारा, उड्या मारणारा, भालाफेक करणारा येतो. तुमचा खरा प्रश्न त्या दुसऱ्या शब्दाबद्दल आहे, असं धरून उत्तर देते.

पहिल्यांदा एक रेसर माझ्याकडे आला तेव्हा मीही तुमच्याच मताची होते. मानेची ताकद तपासताना आम्ही रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला हात टेकवतो आणि सांगतो, मी ढकलते, तुम्ही हलू देऊ नका. त्याचं डोकं मला एका हाताने हललं नाही. मग दोन्ही हात लावले, पाय रोवले, तरी नाही. गंमत पुढेच होती. दुसऱ्या बाजूने ढकलल्यावर ते थोडं हललं. बहुतेक ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, उजवी वळणं जास्त, त्यामुळे उजव्या बाजूचे स्नायू जास्त कमावलेले. ब्राझीलचा इंटरलागोस किंवा सिंगापूर हे ट्रॅक उलटे फिरतात. तिथे जायचं तर डावी बाजू वेगळी तयार करावी लागते.

हिशोब साधा आहे. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरा. फॉर्म्युला वनच्या वेगवान वळणात गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर बाहेरच्या बाजूला ओढतो, म्हणजे मानेला बत्तीस-तेहतीस किलो लटकल्यासारखं होतं. हे एकदा होत नाही. दर फेरीला अनेक वळणांवर होतं आणि शर्यत असते ३०५ किलोमीटरची. ब्रेकही आपल्या गाडीसारखा पावलाने हलकेच दाबायचा नसतो, शंभर किलोहून जास्त जोर एका पायाने द्यावा लागतो आणि लगेच तो जोर मोजूनमापून कमी करायचा असतो.

माझी कसोटी एकच आहे: शरीर थकलं की निकाल बिघडतो का? बुद्धिबळात थोडा बिघडतो. शर्यतीत हमखास बिघडतो. मान झुकली की नजर वळणाच्या आतल्या कडेवरून ढळते, पाय थकला की ब्रेक दोन मीटर उशिरा लागतो. दोन मीटर म्हणजे तुमच्या भाषेत चढाईत बोनस लाइन न ओलांडली जाणं.

कार रेसर आणि बाईक रेसर, दोघांत जास्त दमदार कोण? मित्रांमध्ये पैज लागली आहे. (एक वाचक, नाशिक)

पैजेचे पैसे आत्ताच वाटून घ्या, कारण दोघांचं दमणं एका जातीचं नाही.

वजनांकडे बघा. २०२५ पर्यंतची फॉर्म्युला वन गाडी ड्रायव्हरसकट किमान ८०० किलोची होती, त्यात माणूस साधारण दहावा हिस्सा. मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगमधली सगळ्यांत वरची स्पर्धा, तिथली बाईक किमान १५७ किलोची आणि वर बसणारा पासष्ट-सत्तर किलोचा, म्हणजे एकूण वजनात जवळजवळ तीस टक्के माणूस. चालता-फिरता सुटा भाग म्हणायचा तर तोच. बाईक साठ अंशांहून जास्त कलते तेव्हा तो सीटवर नसतोच. बाहेरची मांडी टाकीला आवळलेली, आतला गुडघा आणि कोपर जमिनीला टेकलेलं, डोकं आरशाच्या जागेच्याही बाहेर. वळण संपलं की दुसऱ्या बाजूला. स्पेनच्या हेरेझ ट्रॅकवर १३ वळणं आहेत आणि शर्यत २५ फेऱ्यांची. सव्वातीनशे वळणं झाली. जिममध्ये सव्वातीनशे स्क्वॉट्स सांगितले तर लोक मला फोन करायचे बंद होतील, आणि हे तर चाळीस मिनिटांत, हृदयाचे ठोके १७०-१८० वर असताना.

त्यात ब्रेकिंग. साडेतीनशेच्या आसपासच्या वेगावरून काही सेकंदांत शंभरच्या खाली. गाडीत सहा पट्टे छातीला आणि कमरेला धरून ठेवतात. बाईकवर धरायला मुख्यतः स्वतःचे हात, आणि त्याच उजव्या हाताच्या बोटांनी ब्रेक लिव्हर ओढायचा. म्हणून बाईकवाल्यांचा खास आजार आहे ‘आर्म पंप’. कोपराखालचे स्नायू फुगतात, पण त्यांच्याभोवतीचं आवरण ताणत नाही, आत दाब वाढतो, हात दगडासारखा होतो आणि बोटांना लिव्हर जाणवेनासा होतो. २०२१ मध्ये हेरेझलाच फाबियो क्वार्तारारो आघाडीवर होता. हात असा भरून आला की तो तेराव्या क्रमांकावर घसरला आणि पुढच्या काही दिवसांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. इंजिनला काही झालं नव्हतं. वर सांगितलेल्या कसोटीला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता गाडीवाल्यांची बाजू. बाईकवाला शरीराने काम करतो, गाडीवाल्याला शरीरावर येणारं ओझं सोसावं लागतं, तेही भट्टीत बसून. अंगावर आगरोधक कपड्यांचे थर, मागे इंजिन, शर्यत दीड तासाच्या पुढे. गरम देशात दोन-तीन किलो वजन घामावाटे जाणं नेहमीचं. ऑक्टोबर २०२३ ची कतारची शर्यत आठवा. टायर जपण्यासाठी एरवी ड्रायव्हर मध्येमध्ये वेग कमी ठेवतात, म्हणजे नकळत विश्रांती मिळते. त्या दिवशी एका टायरवर जास्तीत जास्त १८ फेऱ्या असा नियम होता. टायर जपायची गरजच उरली नाही आणि सगळे ५७ फेऱ्या जिवाच्या आकांताने पळाले. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली, लान्स स्ट्रोल उतरून थेट रुग्णवाहिकेकडे गेला.

दोन्ही करून पाहिलेला माणूस हवा असेल तर जॉन सर्टीझ. ५०० सीसी मोटरसायकलचा चार वेळा विश्वविजेता आणि १९६४ मध्ये फेरारीतून फॉर्म्युला वनचाही. दोन आणि चार चाकांवर अशी दोन्ही शिखरं गाठणारा तो एकटाच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हालचालीच्या बाबतीत बाईक पुढे, आणि त्यातही मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या चढउतारांवरची बाईक शर्यत, सगळ्यांच्या पुढे. जागतिक मोटोक्रॉसमध्ये एक शर्यत तीस मिनिटं अधिक दोन लॅप्सची असते, दिवसात अशा दोन. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममधलं मोटोक्रॉस झालं, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी रायडर उडी घेऊन उतरताना त्याचे गुडघे बघितले असतील. तिथे सीट म्हणजे नावापुरती.

ठोके १७० होतात ते भीतीमुळे. परीक्षेच्या हॉलमध्ये माझेही होतात. त्याला व्यायाम कसं म्हणायचं? (एमबीबीएसची विद्यार्थिनी, लातूर)

हा सगळ्यांत चांगला प्रश्न आणि अर्धा खरा. अ‍ॅड्रिनलिनचा वाटा असतोच. त्याच ठोक्यांवर धावणारा जितका ऑक्सिजन वापरतो तितका रेसर वापरत नाही. पण रेसरचा ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला तर नुसत्या घाबरण्याने वाढेल त्याच्या कितीतरी पुढे तो गेलेला दिसतो. उरलेला हिशोब स्नायूंच्या आवळून धरण्यात आहे. मान, पोट, मांड्या, पकड, सगळे ताणलेले आणि जागच्या जागी. भिंतीला टेकून खुर्चीसारखी बसून बघ, दोन मिनिटांत पाय थरथरतील आणि ठोके चढतील, अंतर मात्र शून्य. शिवाय वळणात श्वास रोखला जातो, उष्णतेने रक्त त्वचेकडे जातं. तुझ्या परीक्षेच्या हॉलमध्ये हे होत असेल तर कृपया मला दाखवायला ये.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत घाट गाजवतो तो बैल. नाव, फोटो, फ्लेक्स सगळं बैलाचं. मग रेसिंगमध्ये गाडीचं कौतुक का नाही? (एक वाचक, मंचर)

होतं ना. फॉर्म्युला वनमध्ये १९५८ पासून दोन अजिंक्यपदं आहेत, एक ड्रायव्हरचं आणि एक गाडी बनवणाऱ्यांचं. गाडी वाईट असेल तर देवही पहिला येत नाही, हे सगळे मान्य करतात. म्हणून ड्रायव्हरला जोखायचं त्याच्याच संघातल्या दुसऱ्या ड्रायव्हरशी. दोघांचा बैल एकाच गोठ्यातला.

सरकार यांना खेळाडू मानतं का? (एक वाचक, ठाणे)

सरकारचं उत्तर वर्षावर अवलंबून आहे. ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वन आणायची तयारी चालू असताना २००९ मध्ये क्रीडा मंत्रालयाने हा खेळ नसून मनोरंजन आहे, अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी नारायण कार्तिकेयनला पद्मश्री मिळाली, अर्थात फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय म्हणून. २०११ मध्ये शर्यत झाली तेव्हा करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचलेला होता. तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या, आणि ती स्पर्धा गेली. २०१९ मध्ये रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. ऑलिम्पिक समितीने दोन्ही जागतिक महासंघांना मान्यता दिली आहे, मोटरसायकलच्या महासंघाला आधी आणि गाडीच्या महासंघाला नंतर. प्रत्यक्ष ऑलिम्पिकमध्ये मात्र १९०८ च्या मोटरबोटींनंतर इंजिनवर चालणारं काही नाही.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला बाईक रेसिंग करायचंय. तिचे बाबा म्हणतात, मुलीच्या अंगात तेवढी ताकद नसते. तुम्ही काय म्हणाल? (एक आई, चिंचवड)

बाबांना दोन नावं सांगा. स्पेनच्या आना कारास्कोने २०१८ मध्ये पुरुषांसोबतच्या स्पर्धेत सुपरस्पोर्ट ३०० या छोट्या इंजिनाच्या बाईकच्या गटाचं विश्वविजेतेपद जिंकलं. बंगळूरूची ऐश्वर्या पिसे २०१९ मध्ये बाहा, म्हणजे आडरानातल्या रॅलींच्या विश्वचषकाच्या महिला गटात पहिली आली. ताकदीचा मुद्दा खोटा नाही, पण तो बाईकपेक्षा गाडीत जास्त बोचतो. फॉर्म्युला वनच्या खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला टूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, तिथे खांद्यांची ताकद कमी पडली तर सरळ वेळेत दिसतं. बाईकवर हलकं असणं कामाचंही ठरतं. दानी पेद्रोसा जेमतेम पन्नास-बावन्न किलोचा, तरी मोटोजीपीच्या शर्यती जिंकत गेला.

तिला आत्ता काय द्यायचं तर पोहणं, दोरीच्या उड्या, सायकल आणि लटकून शरीर वर ओढण्याचा सराव. मानेला वजनं लटकवू नका, हाडं अजून वाढताहेत. बाईक फक्त बंद ट्रॅकवर, प्रशिक्षकासोबत, पूर्ण संरक्षक कपड्यांत. सोसायटीच्या रस्त्यावर ‘एकच चक्कर’ नको. अल्पवयीन मूल गाडी चालवताना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक. या खेळात दुखणं लपवून परत बाईकवर बसण्याचं फार कौतुक होतं. मोटोजीपीचा विश्वविजेता मार्क मार्केझ जुलै २०२० मध्ये दंडाचं हाड मोडल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा बाईकवर चढला. त्याची किंमत चार शस्त्रक्रिया आणि काही वर्षं. २०२५ मध्ये तो पुन्हा विश्वविजेता झाला, पण मधल्या काळातली क्ष-किरण चित्रं तिला आत्ताच दाखवा. हाड मोडलं तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घरी, हे ती कबूल करत असेल तरच फॉर्म भरा.

मी एसटीत चालक आहे. कुंभार्ली घाटातून रोज स्टिअरिंग ओढतो. तुमच्या हिशोबाने मीही खेळाडू झालो की! (एक वाचक, चिपळूण)

थकल्यावर निकाल बिघडतो, या कसोटीला तुम्ही पुरेपूर उतरता. फक्त शेजारच्या बसशी शर्यत लावत नाही म्हणून खेळाडू नाही, आणि ती लावू नका. पण एक अन्याय मला सांगितलाच पाहिजे. रेसरची सीट त्याच्या पाठीचा साचा घेऊन बनवतात. तुमच्या सीटवर सकाळी सहा फुटी माणूस बसतो आणि दुपारी तुम्ही. ती बदलणं आपल्या हातात नाही, म्हणून एवढं करा: एक टॉवेल गुंडाळून कमरेच्या खोलगट भागात ठेवा, सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील, आणि कराड स्टँडवर चहा उभ्याने प्या. बसून नको.