वाचकांचे प्रश्न : दोन डायनमो बदलले तरी जीपची चार्जिंग होईना

प्रश्न : सर, माझ्याकडं जुनी डिझेल जीप आहे. मागच्या वर्षी पूर्ण खोलून चेसिसला पावडर कोटिंग केलो, पुढं 100/90 चे बल्ब, वर 120 वॅटचा एलईडी बार, मागं अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर बसवलो, मीटरमधले बारके बल्ब पण काढून एलईडी टाकलो. तेव्हापासून ताप सुरू झालाय. दोन डायनमो बदललो, बॅटरी नवीन घेतलो, तरी रात्री लाइट लावून आलं की सकाळी सेल मारत नाही, धक्का द्यावा लागतो. गाडी चालू असताना बॅटरीवर 13.1 दाखवायलंय. वायरमन म्हणतो मोठा डायनमो टाका. टाकू का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : नका टाकू दादा, मोजल्याशिवाय तर अजिबात नका. आधी बॅटरी बाहेरून फुल चार्ज करून घ्या, कारण उतरलेली बॅटरी असली की चांगल्या डायनमोचा आकडा पण खाली ओढते. रात्रभर ठेवून सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, 12.2 म्हणजे अर्धीच. मग गाडी चालू करून थोडी रेस देऊन बघा, 13.8 ते 14.5 च्या मधे पाहिजे. तुमच्याकडं 13.1 येतंय म्हणजे डायनमो मेलेला नाही, तो बनवतोय पण वाटेत कुठंतरी गळत असावं.

माझा पहिला संशय त्या पावडर कोटिंगवर आहे. कोटिंगमधून करंट जात नाही आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे अर्थिंगची पट्टी नीट लागली नसेल तर करंटला परतीचा रस्ताच राहत नाही, मग तो अ‍ॅक्सिलरेटरच्या, क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल मारताना या केबली गरम लागल्या तर समजून घ्या. मोजायचं असं : गाडी चालू, सगळे लाइट चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक डायनमोच्या बॉडीच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. 0.2 व्होल्टच्या वर आलं की अर्थिंग खराब. तसंच डायनमोच्या जाड वायरच्या नटपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा, तिथं 0.3 च्या वर नको, आलं तर वायर बारीक आहे नाहीतर थिंबल (वायरच्या टोकाची नटाखाली बसणारी कडी) सैल. कोटिंग घासून लोखंड चमकेपर्यंत काढा, बॅटरी मायनसवरून एक जाड केबल थेट इंजिनला आणि दुसरी चेसिसला द्या, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुसरा संशय मीटरमधल्या एलईडीवर. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनमोला सुरुवातीचा करंट त्या बॅटरीच्या लाल दिव्यातूनच मिळतो. एलईडी तेवढा करंट सोडत नाही, म्हणून गाडी चालू केल्यावर जोरात रेस देईपर्यंत डायनमो उठतच नाही. तेवढ्या एका दिव्याला जुना फिलामेंटचा बल्ब परत टाका, बाकीचे राहू द्या.

आता लोड. अप्परवर दोन बल्बांचे 200 आणि बारचे 120 मिळून 320 वॅट, म्हणजे नुसत्या लाइटलाच जवळपास 24 अँपियर गेले, त्यात अ‍ॅम्प वेगळा. डायनमोवर लिहिलेला आकडा इंजिन जोरात फिरतं तेव्हाचा असतो, वरातीत हळू चालताना त्यापेक्षा बराच कमी मिळतो. वाटेतली गळती बंद झाल्यावर सगळं चालू असताना पण 13.5 च्या खाली जायलं तर मोठ्या डायनमोचा विचार करा, त्याच्या आधी नाही. बार आणि बल्बला रिले (बटणावर लोड न येता जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि बॅटरीजवळच फ्यूज लावलाय ना ते पण आजच बघा, उन्हाळ्यात आपल्याकडं बॉनेटखाली काय तापतं ते तुम्हाला माहितीय, बिनफ्यूजची वायर घासली की गाडी पेटू शकते.

सकाळी धक्का मारावा लागतो त्याला अजून एक कारण असू शकतं. अ‍ॅम्पची रिमोट वायर (अ‍ॅम्प चालू-बंद करायचा इशारा देणारी बारीक वायर) काही जण सरळ बॅटरीला जोडून टाकतात, मग अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो. ती स्टिरिओवरूनच घ्या. आणि रात्रभर उभ्या गाडीचा डायनमो सकाळी हाताला कोमट लागला तर त्याचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेला असावा.

एक कळकळीचं सांगणं, गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग बघायची पद्धत अजून चालूच आहे, ती कुणाला करू देऊ नका. एका झटक्यात कटआउट (चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) आणि डायोड उडू शकतात. दोन डायनमो गेले तेव्हा असं कुणी केलं होतं का, वायरमनला विचारा.

प्रश्न : माझ्या बीएस6 गाडीत अ‍ॅम्प बसवल्यापासून व्होल्टमीटर कधी 12.8 तर कधी 14.6 दाखवतो. डायनमो खराब आहे का?
– एक वाचक, बीड

उत्तर : तेवढ्यावरून खराब म्हणता येत नाही. बऱ्याच नवीन गाड्यांत कॉम्प्युटर गरजेप्रमाणं चार्जिंग कमी-जास्त करतो. फक्त बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर सेन्सर आहे का बघा. असेल तर अ‍ॅम्पची मायनस वायर थेट टर्मिनलवर न लावता बॉडीला लावा, नाहीतर अ‍ॅम्प किती करंट खातोय ते सेन्सरला दिसतच नाही आणि बॅटरी हळूहळू उतरत जाते.